क्रीडापदकांची घडण : धाराशिवच्या मातीतून एक प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेतील पदक विजयाच्या प्रत्येक बातमीत दिसते, परंतु घडवलेली वस्तू म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते. पदकतालिकेत ते एक आकडा असते, वृत्तपत्रातील छायाचित्रात खेळाडूने दातांखाली धरलेली चकती असते, आणि सत्काराचे हार उतरल्यावर ते घराच्या काचेच्या कपाटात जाऊन बसते. त्याचा आकार कोणी ठरवला, त्यावरील आकृती कोणी घडवली, धातू कोणता निवडला आणि त्या आकृतीचा त्या खेळाशी व यजमान भूमीशी काय संबंध, हे प्रश्न मराठीत फारसे विचारले गेलेले नाहीत. ज्या महाराष्ट्राने खो-खोसारख्या मैदानी खेळाला नियम दिले आणि त्याचे खेळाडू घडवले, तेथे तरी ते विचारले जायला हवेत.

या विचाराची सुरुवात धाराशिव जिल्ह्यापासून करण्यास सबळ कारण आहे. २०१६ मध्ये गुवाहाटी व शिलाँग येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत खो-खोचा समावेश झाला, तेव्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे ही याच जिल्ह्याची होती, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. तीत पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ उतरले, अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळचा ७८-४० असा आणि पुरुषांनीही नेपाळचाच ५४-३६ असा पराभव केला, आणि त्या विजेत्या महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. म्हणजे या जिल्ह्यातील घरांत आंतरराष्ट्रीय पदके येऊन पोहोचली आहेत. खेळ मात्र जागतिक मंचावर नवा आहे, त्यामुळे त्याच्या पदकाची स्वतःची अशी परंपरा अजून घडायची आहे. पदकाच्या रचनेचा विचार करायला याहून योग्य वेळ नाही. एकदा पायंडा पडला की तो मोडायला किती वर्षे लागतात, याचे उदाहरण पुढे येणारच आहे.

पदक हे मुळात उठावशिल्प आहे. सपाट पातळीवरून आकृती किंचित वर उचललेली असते आणि डोळ्यांना दिसणारी खोली प्रत्यक्षात दोन-तीन मिलिमीटरांच्या आत साधावी लागते, म्हणून शिल्पकार त्याला उथळ उठाव म्हणतात. ज्या बाजूवर मुख्य आकृती असते तो मुखभाग, मागची बाजू तो पृष्ठभाग, भोवतालची उंच कडा ती किनार, आणि फीत ओवण्यासाठी वर असते ती कडी. नाण्याशी त्याचे नाते जवळचे आहे, कारण दोन्ही ठशाने घडतात. तरी नाण्यावर जी बंधने असतात ती पदकावर नसतात. नाणी एकावर एक रचता आली पाहिजेत, हजारो हातांतून फिरून झिजली तरी ओळखू आली पाहिजेत, म्हणून त्यांचा उठाव अगदी कमी ठेवतात आणि ती एका आघातात पाडतात. पदकाचा उठाव अधिक असतो, त्यामुळे धातूची चकती ठशांमध्ये अनेकदा दाबावी लागते आणि दोन आघातांच्या मध्ये ती तापवून पुन्हा मऊ करावी लागते. दागिन्याशीही त्याचे नाते आहे, कारण ते गळ्यात पडते, छातीवर हलते आणि उलटते. नाणे, शिल्प आणि दागिना या तिन्ही विद्यांच्या सीमेवरील ही वस्तू असल्यामुळे तिन्हींपैकी एकाच विद्येच्या जाणकाराकडून ती सहसा नीट उतरत नाही.

छापाच्या गोल चकत्या गळ्यात घालण्याची रीत धाराशिव जिल्ह्याला अनोळखी नाही. तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख येतो, आणि तेथून कापड भडोचच्या बंदराकडे जात असल्याचेही तेथे नोंदवले आहे. या व्यापारातून रोमन नाणी दख्खनमध्ये आली आणि त्यांच्या पाठोपाठ एक देखणी नक्कलही जन्माला आली. रोमन नाण्यावरील सम्राटाचा मुखवटा मातीच्या चकतीवर छापून, ती भाजून, वर भोक किंवा कडी ठेवून लटकन म्हणून वापरल्याचे अवशेष तेर, कोंडापूर, नेवासे, कोल्हापूर अशा सातवाहनकालीन स्थळांवर सापडले आहेत. ज्याला सोन्याचे नाणे परवडत नव्हते, त्याने त्याची प्रतिमा मातीत घेतली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातील मृण्मयी मूर्ती, मणी आणि नाणी पाहणाऱ्याला एक गोष्ट लगेच जाणवते, की लहान आकारात चेहरा कसा वाचनीय ठेवावा हे तेथील कारागिराला उत्तम कळत होते: नाक व हनुवटी ठळक, गाल सपाट, केशरचना दोन-तीन जाड रेघांत. आजचा पदककारही तेच करतो. गोरा कुंभारांचे गाव म्हणून वारकऱ्यांना तेर ठाऊक आहे, आणि आधुनिक पदकाचा पहिला नमुनादेखील मातीतच घडतो, हा योगायोग असला तरी नोंदवण्याजोगा आहे.

आधुनिक क्रीडापदकाचा इतिहास १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून सांगण्याची प्रथा आहे. त्या वेळी विजेत्याला सोन्याचे नव्हे तर चांदीचे पदक मिळाले आणि दुसऱ्याला ब्राँझचे. फ्रेंच शिल्पकार ज्यूल-क्लेमां शाप्लँ यांनी त्यावर विजयदेवतेला तळहातावर धरलेल्या झ्यूसचा चेहरा आणि मागे अॅक्रोपोलिसची टेकडी घडवली होती. १९०० मध्ये पॅरिसला दिलेली पदके गोल नसून आयताकृती होती, आणि सुवर्ण, रौप्य व कांस्य ही आज गृहीत धरली जाणारी उतरंड १९०४ मध्ये सेंट लुईसला सुरू झाली. निखळ सोन्याची पदके १९१२ च्या स्टॉकहोम स्पर्धेनंतर बंद झाली. आज ऑलिंपिक सुवर्णपदक हे नियमानुसार किमान ९२.५ टक्के शुद्धतेच्या चांदीचे असते आणि त्यावर किमान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा असतो.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण इटालियन शिल्पकार जुझेप्पे कॅसिओली यांच्या पदकाचे आहे. १९२८ च्या अॅम्स्टरडॅम ऑलिंपिकसाठी त्यांनी एका हातात खजुराची झावळी व दुसऱ्या हातात विजयमुकुट घेऊन बसलेली विजयदेवता घडवली आणि तिच्या पाठीमागे एक गोलाकार प्रेक्षागृह दाखवले. ते प्रेक्षागृह रोमच्या कलोसियमसारखे होते. ग्रीक भूमीत जन्मलेल्या क्रीडोत्सवाच्या पदकावर रोमन रणांगणाची, जेथे माणसे एकमेकांना मारून प्रेक्षकांचे मनोरंजन करीत त्या वास्तूची, प्रतिमा आली. पृष्ठभाग १९७२ पासून यजमान बदलू लागले, पण मुखभागावरील ही कल्पना २००० च्या सिडनी स्पर्धेपर्यंत टिकली. २००४ मध्ये अथेन्स यजमान झाल्यावर ग्रीक कलावती एलेना वॉत्सी यांनी पानाथेनाइक स्टेडियमवर उतरणारी विजयदेवता घडवली, तेव्हा कुठे चूक सुधारली. खाशाबा जाधव यांना १९५२ मध्ये हेलसिंकीला मिळालेले कांस्यपदक कॅसिओलींच्याच रचनेचे होते. म्हणजे साताऱ्याच्या गोळेश्वर गावी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले ते रोमन प्रेक्षागृहाची आकृती घेऊन, आणि ते गळ्यातही पडलेले नव्हते, कारण ऑलिंपिक पदक गळ्यात घालण्याची पद्धत १९६० च्या रोम स्पर्धेपासून सुरू झाली. त्यापूर्वी ते हातात दिले जाई. कुस्तीच्या आखाड्यात कमावलेल्या त्या पदकावर कुस्तीची खूण नव्हती. एकच पदक सर्व खेळांना लागू करायचे असले की असे होणे अटळ आहे, आणि ज्या स्पर्धेत खेळ एकच असतो तेथे ही सबब उरत नाही.

पदकरचनेचे मराठी घराशी जोडलेले श्रेष्ठ उदाहरण क्रीडाक्षेत्रातील नाही, तरी ते येथे टाळता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९१३ मध्ये जन्मलेल्या आणि विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून सावित्रीबाई झालेल्या कलावतीने परमवीरचक्राची रचना केली. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर व्यासाचे कांस्य वर्तुळ, मध्यभागी राजमुद्रा, तिच्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती, मागे कमळांनी विलग केलेली दोन लिप्यांतील अक्षरे आणि साधी जांभळी फीत, एवढाच तिचा पसारा आहे. देशातील सर्वोच्च युद्धसन्मानासाठी सोने वापरले नाही, तलवारींची गर्दी केली नाही, सैनिकाची आकृतीही घातली नाही. आपल्या हाडांचे वज्र व्हावे म्हणून देह देणाऱ्या दधीची ऋषींची कथा ज्याला ठाऊक आहे त्याला चार वज्रांचा अर्थ सांगावा लागत नाही, आणि ज्याला ती ठाऊक नाही त्यालाही ती मांडणी भारदस्त वाटते. लहान वर्तुळात काय घालायचे यापेक्षा काय वगळायचे हे ठरवणे कठीण असते. सावित्रीबाईंनी ते ठरवले होते. आपल्याकडील बहुतेक क्रीडापदके पाहता हा संयम पुढे कोणी फारसा घेतलेला दिसत नाही.

यजमान भूमीची खूण पदकावर कशी आणावी, हा रचनेतील सर्वांत निसरडा भाग. २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेची पदके पूर्ण गोल नव्हती. त्या शहराजवळच्या लिआंगचू या प्राचीन संस्कृतीतील, बाहेरून चौकोनी व आतून गोल अशा जेड दगडाच्या विधिपात्रावरून त्यांची बाह्यरेषा घेतली होती आणि आत सरोवर व डोंगर होते. धाराशिवला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याने तेथे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्ण आणि ५००० मीटरमध्ये रौप्य जिंकले, त्यामुळे हा आकार मराठवाड्यातही येऊन पोहोचला आहे. त्याच साबळेने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत जिंकलेले रौप्यपदक तेथील दागिने-विद्यालयाच्या तीन विद्यार्थिनींनी रचले होते. ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या धातुकाम चालते त्या शहराने ते काम आपल्याच शाळेतल्या मुलींकडे सोपवावे, यात मोठा विश्वास आहे आणि आपल्या कला महाविद्यालयांना त्यातून घेण्यासारखेही बरेच आहे. पॅरिसने २०२४ मध्ये आयफेल मनोऱ्याच्या दुरुस्तीत निघालेल्या मूळ लोखंडाचा १८ ग्रॅमचा षट्कोनी तुकडा प्रत्येक पदकाच्या मध्यभागी बसवला; कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत जिंकलेल्या कांस्यपदकातही तो आहे. या तिन्ही उदाहरणांत स्थळाची खूण आकारात, कारागिरीत किंवा द्रव्यात मुरलेली आहे. स्थळाचे चित्र पदकावर नुसते चिकटवलेले नाही.

धाराशिवमध्ये उद्या एखादी आंतरराष्ट्रीय खो-खो स्पर्धा भरली तर समितीच्या पहिल्याच बैठकीत काय सुचवले जाईल, याचा अंदाज करणे अवघड नाही. तुळजाभवानीचे मंदिर, नळदुर्गचा पाणीमहाल आणि धाराशिव लेणी या तिन्हींची रेखाटने एका वर्तुळात बसवावीत, वर स्पर्धेचे बोधचिन्ह, खाली प्रायोजकाचे नाव, असा तो आराखडा असेल. असे पदक निमंत्रणपत्रिकेवर शोभते, गळ्यात नाही. पाच-सहा सेंटिमीटरच्या व्यासात नळदुर्गची तटबंदी काही मिलिमीटरांची होते आणि मुलाम्याच्या चकाकीत ती एक खरखरीत पट्टी म्हणून उरते. देवीच्या प्रतिमेबाबत प्रश्न आणखी नाजूक आहे. खेळाडू पदक दातांत धरतात, उलटे लटकवतात, घामाने ओल्या सदऱ्यावर घालून फिरतात; अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची मूर्ती अशा वस्तूवर यावी का, याचे उत्तर श्रद्धावंतांनीच नकारार्थी द्यावे. फितीऐवजी कवड्यांची माळ वापरण्याची कल्पनाही कोणाला सुचू शकते, दिसायला ती मोहक आहे, पण तुळजापूरची कवड्यांची माळ आराधी मंडळींच्या व्रताची खूण आहे, ती घेण्याचा एक विधी आहे, आणि सामना जिंकला म्हणून ती कोणाच्याही गळ्यात घालणे म्हणजे तिचा अर्थ उतरवणे होय. स्थळातून घ्यायचेच असेल तर तेरच्या मातीच्या चकत्यांचा साधेपणा घ्यावा: एकच आकृती, मोकळी पार्श्वभूमी, हाताने दाबल्यासारखी किंचित असमान किनार.

आकृती मात्र खेळातूनच यायला हवी, आणि येथे खो-खोकडे एक अशी देणगी आहे जी दुसऱ्या खेळाकडे क्वचित असेल. पारंपरिक नियमांनुसार पाठलाग करणाऱ्या नऊ खेळाडूंपैकी आठ जण मैदानाच्या मधल्या पट्टीवरील चौरसांत बसतात आणि शेजारच्या दोघांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना असतात. नववा धावत असतो. पट्टीच्या दोन टोकांना खांब. मैदानाच्या एका बाजूच्या प्रेक्षकाला त्यामुळे चार चेहरे व चार पाठी दिसतात, आणि समोरच्या बाजूच्या प्रेक्षकाला त्याच्या नेमके उलट. पदकालाही दोन बाजू असतात. मुखभागावर ही रांग एका बाजूने आणि पृष्ठभागावर तीच रांग दुसऱ्या बाजूने घडवली, तर जो गडी पुढे चेहरा दाखवतो त्याची मागे पाठ दिसेल, आणि पदक हे जणू मैदानाचा एक उभा पातळ छेद ठरेल. धावणारा नववा गडी एकाच बाजूवर असावा, कारण पाठलाग करताना तो मधली पट्टी ओलांडू शकत नाही. दुसऱ्या बाजूवर हुलकावणी देणारा संरक्षक असू शकतो. विजयदेवता, मशाल किंवा पानांचा मुकुट यांपैकी कशाचीही गरज मग पडत नाही.

या कल्पनेला एक तांत्रिक अट आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय रचना फसेल. नाणे पाडताना दोन्ही ठसे अनेक देशांत परस्परांच्या उलट लावतात, म्हणजे नाणे वरून खाली उलटवले असता मागची आकृती सरळ दिसते. पदक गळ्यात लटकते व डावीकडून उजवीकडे फिरते, म्हणून त्याचे दोन्ही ठसे सरळ लावायचे असतात. याला पदक-मांडणी म्हणतात. खो-खोच्या रांगेसाठी पदक-मांडणीच हवी, कारण समोरच्या बाजूने पाहताना डावीकडचा खांब उजवीकडे जातो आणि पदक फिरवतानाही नेमके तेच होते. बसलेल्या गड्याच्या पवित्र्यातही शिल्पकाराला कामाला लावणारे पुष्कळ आहे. तो मांडी घालून बसत नाही; तळपायांच्या पुढच्या भागावर भार देऊन, गुडघे दुमडून, हाताची बोटे जमिनीला टेकवून, उठण्याच्या तयारीत तो दबा धरून असतो, आणि पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू येताक्षणी उसळतो. पाठीचा ताणलेला कणा, टाचेची वर उचललेली रेघ आणि बोटांचा टेकू या तीन गोष्टी उथळ उठावात नेमक्या आल्या तर चेहऱ्याचे तपशील नसले तरी चालतील. सूर मारून खांबाआडचा गडी टिपणारा खेळाडू छायाचित्रकारांच्या आवडीचा असतो, पण आडवे झेपावलेले शरीर वर्तुळात अडखळते, हातपाय किनारीला भिडतात, आणि तो क्षण खो-खोच्या सांघिकपणाऐवजी एकट्याचा पराक्रम सांगतो. सांघिक खेळात प्रत्येक खेळाडूला तेच पदक मिळते. त्यावर रांग असणेच रास्त.

आकृती ठरल्यावर ती धातूत कशी उतरते, हेही थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. शिल्पकार प्रथम पदकाच्या कैकपट मोठ्या आकारात मातीचा किंवा प्लास्टरचा नमुना घडवतो. पूर्वी पँटोग्राफ नावाच्या यंत्राची सुई त्या नमुन्यावरून फिरत असे आणि दुसऱ्या टोकाचे पाते तोच आकार लहान करून पोलादात कोरीत असे, आता त्रिमितीय स्कॅन करून संगणकचालित यंत्र ते काम करते. तयार झालेल्या पोलादी ठशातून पदक सुटून यावे यासाठी आकृतीच्या कडा किंचित बाहेर उतरत्या असाव्या लागतात. आत वळलेली खाच ठेवली तर धातू ठशात अडकतो. संगणकावर आराखडा करणारे तरुण येथे हमखास चुकतात, कारण पडद्यावर सावली कोणत्याही रेघेला देता येते, धातूवर ती उठावाच्या उतारातूनच मिळते.

थोडक्या संख्येची पदके ओतीव पद्धतीनेही करता येतात, आणि या पद्धतीचा लेखी वारसा धाराशिवच्या अगदी शेजारी आहे. जिल्ह्यातील उमरग्याहून जवळ असलेले कर्नाटकातील बसवकल्याण म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मेणाचा नमुना करून, त्यावर मातीचे लेप देऊन, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतण्याची कृती दिली आहे. मेणाच्या वजनाच्या बारा पट चांदी आणि सोळा पट सोने घ्यावे, असे प्रमाणही तो राजा सांगतो. त्याच ग्रंथात राजाच्या मनोरंजनांत मल्लयुद्धाचे वर्णन येते. ओतकाम आणि क्रीडा हे दोन्ही विषय एका ग्रंथात यावेत इतका त्या दरबाराचा व्याप मोठा होता. मोठ्या ओतकामाची साक्ष जिल्ह्यातीलच परंड्याचा किल्ला देतो, कारण आज विजापुरात असलेली सुमारे ५५ टनांची ‘मुलूख मैदान’ तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेल्यानंतर परंड्याला होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. तांबे व कथील यांच्या मिश्रणात सिंहाच्या उघड्या जबड्यासारखे तोफेचे तोंड आणि लेख उतरवणाऱ्या ओताऱ्यांची ही भूमी आहे, हे आठवले म्हणजे पदके आयात करण्याची घाई कमी व्हावी.

धातूच्या बाबतीत प्रामाणिकपणा हवा. तांबे आणि कथील मिळून कांसे होते, तांबे आणि जस्त मिळून पितळ. टोकियो ऑलिंपिकचे ‘कांस्य’पदक ९५ टक्के तांबे व ५ टक्के जस्त यांचे होते, म्हणजे रसायनाच्या भाषेत ते पितळच. त्या पदकांची खरी कीर्ती वेगळ्या कारणाने झाली: जपानभर लोकांनी दिलेले जुने भ्रमणध्वनी आणि लहान विद्युत उपकरणे मिळून ७८,९८५ टन सामग्रीतून सुमारे ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळवून सर्व पदके त्यातूनच घडवली गेली. पॅरिसची उलट बाजूही सांगितली पाहिजे. लोखंडाचा तुकडा बसवण्याची कल्पना गाजली, पण काही महिन्यांतच अनेक खेळाडूंच्या पदकांचे, विशेषतः कांस्यपदकांचे, वरचे थर डागळले व सोलपटले, आणि पॅरिसच्या टांकसाळीला ती बदलून द्यावी लागली. कल्पना कितीही सुंदर असली तरी वरचा संरक्षक लेप घाम आणि दमट हवा यांना टिकतो की नाही, याची परीक्षा आधी झाली पाहिजे.

आपल्याकडील बाजारात मिळणाऱ्या पदकांची गोष्ट याहून साधी आणि खिन्न करणारी आहे. जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव चकती, तिच्यावर पिवळा, पांढरा किंवा तपकिरी मुलामा, कडेने कुठल्याही खेळाला चालतील अशी पाने, आणि मध्यभागी गोल खोबण. त्या खोबणीत स्पर्धेच्या नावाचे छापील स्टिकर चिकटवले की पदक तयार. गावच्या स्पर्धेसाठी ही सोय समजण्यासारखी आहे, कारण पैसा थोडा आणि पदके बरीच लागतात. परंतु जिल्हा व राज्य पातळीवरही तीच चकती फिरते, आणि दोन पावसाळ्यांत स्टिकरची कड सुटून वर्ष व ठिकाण नाहीसे होते, तेव्हा खेळाडूजवळ निनावी धातू उरतो. ज्या व्यवस्थेला राज्यस्तरावर ठसा करून घेण्याची सवय नाही, ती आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी अचानक उत्तम पदक घडवील, अशी अपेक्षा धरता येत नाही.

उरलेल्या दोन बाबी स्पर्शाच्या आणि अक्षरांच्या. टोकियोच्या पॅरालिंपिक पदकांच्या कडेवर सुवर्णाला एक, रौप्याला दोन आणि कांस्याला तीन गोल खळगे होते, जेणेकरून दृष्टिहीन खेळाडूला बोट फिरवताच पदक ओळखता यावे; ही सोय सर्वच पदकांना द्यायला काहीच खर्च येत नाही. देवनागरी अक्षरे किनारीवर वळवताना शिरोरेषेचा सलग कंस होतो आणि तो दुसऱ्या किनारीसारखा दिसू लागतो, शिवाय जोडाक्षरांतील बारीक पोकळ्या ठशात बुजतात. यावर उपाय म्हणजे अक्षरे कमी आणि मोठी ठेवणे, शिरोरेषा शब्दागणिक तोडणे, आणि शक्य तर मजकूर सरळ ओळीत खाली घेणे. स्पर्धेचे नाव, स्थळ आणि वर्ष एवढे पुरे. मंत्रिमहोदयांची व प्रायोजकांची नावे फलकावर असतातच.

पदकाची रचना हे स्पर्धेच्या तयारीतील शेवटचे, निविदा काढून उरकायचे काम मानले जाते, आणि वर वर्णन केलेल्या बहुतेक दोषांचे मूळ तेथे आहे. मातीचा नमुना, ठसा, चाचणी आणि लेपाची परीक्षा यांना मिळून वर्षभराचा अवधी लागू शकतो. म्हणून खो-खोची पुढची आंतरराष्ट्रीय स्पर्धा महाराष्ट्रात ठरेल तेव्हा आयोजकांनी मैदान आखण्याआधी शिल्पकार नेमावा, राज्यातील कला महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी खुली रचनास्पर्धा घ्यावी, निवड समितीत सारिका काळे यांच्यासारख्या पदक जिंकलेल्या खेळाडूंना मताचा अधिकार द्यावा, आणि निवडलेल्या रचनाकाराचे नाव पदकाच्या कडेवर कोरावे.